वानखडेबाईंचं ‘काऊन’

आमच्या लॅबमध्ये रक्त द्यायला आलेल्या माणसाला वानखडेबाई तीनदा नाव विचारायच्या. पहिल्यांदा सरळ, "नाव काय?" दुसऱ्यांदा दंडाला पट्टा बांधता बांधता, अगदी सहज, "आडनाव काय म्हटलं तुम्ही?" आणि तिसऱ्यांदा सुई टोचायच्या ऐन वेळी, माणूस डोळे मिटून देवाचा धावा करत असताना, "आणि पूर्ण नाव?" घाबरट माणसं तिसऱ्या वेळी हमखास अडखळायची. अडखळलं की बाईंची सुई हवेत थांबायची आणि चष्म्याच्या वरून एक नजर यायची. त्या नजरेपुढे एका सरळमार्गी बँक मॅनेजरला खिशातून आधार कार्ड काढून दाखवताना मी स्वतः पाहिलंय.

एकदा आमच्या डॉक्टरांच्या मिसेसच आल्या. बाई त्यांना वीस वर्षं ओळखत होत्या, त्यांच्या घरी जेवून आलेल्या होत्या. तरी "नाव काय?" झालंच.

"अहो वानखडे, मी आहे," मिसेस हसून म्हणाल्या.

"मी तुम्हाला ओळखते जी," बाई म्हणाल्या. "ही नळी नाही ओळखत."

मी त्या लॅबमध्ये रिसेप्शनवर होते. मुलुंड पश्चिमेला भाजी मार्केटच्या मागच्या गल्लीत, तळमजल्यावर लॅब. पुढे माझं टेबल आणि आठ खुर्च्या, मग पडदा, पडद्यामागे वानखडेबाई आणि त्यांची मशीनं. डॉक्टर दुपारी यायचे, रिपोर्ट तपासून सह्या करून जायचे. बाकी दिवसभर राज्य बाईंचं. वय सत्तावन्न, अंगानं काटकुळ्या, घट्ट अंबाडा, पांढऱ्या कोटाच्या खिशाला चार पेनं. चार अशासाठी की एका वेळी तीन पेनं दगा देऊ शकतात. बाई मूळच्या अकोल्याकडच्या. मुंबईत येऊन पस्तीस वर्षं झाली होती, त्यामुळे वऱ्हाडी बोली बरीचशी विरली होती. रागावल्या किंवा घाबरल्या की तेवढ्यापुरती वर यायची. एक शब्द मात्र कायमचा टिकून होता. ‘काऊन?’ म्हणजे ‘का बरं?’ लॅबमध्ये त्यांच्यामागे आम्ही त्यांना काऊनबाईच म्हणायचो.

फ्रिजमध्ये त्यांनी तीन थर्मामीटर ठेवले होते. एक चूक निघाला तर दुसरा, दोघांत भांडण झालं तर तिसरा. एका सोमवारी तिन्ही थर्मामीटरनी एकच आकडा दाखवला. मला वाटलं, आज बाई खूश होतील. त्या फ्रिजचं दार उघडं टाकून बघत राहिल्या. "तिघं एकसारखं बोलून राहिले," त्या म्हणाल्या. "काऊन?"

गरोदरपणाच्या तपासण्या आल्या की हा संशय दुप्पट व्हायचा. एक तरुण नवरा बायकोच्या लघवीची बाटली घेऊन आला. नवं नवं लग्न, चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. बाईंनी बाटली उजेडात धरली.

"कोणाची?"

"मिसेसची."

"तुमच्यासमोर भरली?"

तो कानापर्यंत लाल झाला. "नाही, म्हणजे... बाथरूममध्ये..."

"मग तुम्हाला काय माहीत? आणि या बाटलीत आधी काय होतं?"

"खोकल्याचं औषध. धुतलीय मी."

"मिसेसला पाठवा," बाई म्हणाल्या. "बाटली घरी ठेवा, खोकला झाल्यावर कामी येईल."

दुसरी एक सासू सुनेला घेऊन आली होती. सून आत रक्त देत असताना सासू पडद्याशी सरकली आणि गोड आवाजात विचारलं, "मॅडम, हल्ली म्हणे रक्तातूनच कळतं, मुलगा की मुलगी?"

बाई सावकाश वळल्या. "काऊन? नाव ठरवायचंय की दुसरं काही ठरवायचंय?"

सासू जाऊन खुर्चीत बसली ती रिपोर्ट मिळेपर्यंत उठली नाही. सून जाताना बाईंकडे वळून बघत गेली. त्या दिवसापासून मला बाईंची भीती वाटायची ती थोडी कमी झाली आणि थोडी वाढली.

दुपारी काम कमी असलं की त्या मला शिकवायच्या. "हा बीटा एचसीजी. बाळ पोटात रुजलं की हा हार्मोन रक्तात येतो. घरच्या पट्टीवर दोन रेघा येतात ना, त्या याच्याच. सुरवातीला दोन-तीन दिवसांत दुपटीला जातो. गेला तर बरं. नाही गेला तर बाळ नीट नसंल, नाहीतर पिशवी सोडून नळीत रुजलं असंल. नळीत वाढलं की नळी फुटते. बाई जाते."

"आणि खूपच वाढला तर?"

"तर जुळं असंल. नाहीतर बाळच नसंल, नुसते द्राक्षासारखे घोस असतील. तेही असते." त्या चष्मा पुसायच्या. "म्हणून एका आकड्यावर कधी विश्वास ठेवू नको. एक आकडा म्हणजे एक फोटो. फोटोतला माणूस चालत होता की पडत होता, सांग बरं."

मला दिवस गेले तेव्हा घरच्या पट्टीवर दोन रेघा आल्या होत्या. मी हरखून बाईंना सांगायला गेले. त्यांनी पट्टी हातात घेतली. "दुसरी रेघ फिकी काऊन?"

मग मला खुर्चीत बसवलं, दंडाला पट्टा बांधला. "नाव काय?"

"बाई, मी अश्विनी."

"पूर्ण सांग."

दोन दिवसांनी परत रक्त काढलं. परत नाव विचारलं. आकडा दुपटीच्या वर गेला होता. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. आता तरी अभिनंदन म्हणतील.

"वाढला," त्या म्हणाल्या. "इतका काऊन वाढला ते सोनोग्राफीत पाहू."

सोनोग्राफीत एकच बाळ होतं आणि ते जागच्या जागी होतं. बाईंनी तो रिपोर्ट दोनदा वाचला आणि खालची रेडिऑलॉजिस्टची सही जुळते का, तेही बघितलं.

मला सहावा महिना लागला त्या सुमारास समोरच्या रस्त्यावर एक नवी लॅब उघडली. काचेचं दार, एसी, बाहेर फुगे. आमचे पेशंट घटायला लागले. डॉक्टर दुपारी येऊन रिकाम्या खुर्च्यांकडे बघायचे आणि आत जायचे. आणि नेमकं त्याच दिवसांत माझ्या एक गोष्ट लक्षात आली.

बाई माझ्या रजिस्टरमधून फोन नंबर उतरवून घेत होत्या.

मी जेवायला उठले की त्या पुढे यायच्या, उभ्या उभ्या चार-पाच नंबर कॅलेंडरच्या फाडलेल्या पानाच्या मागे लिहायच्या आणि कोटाच्या खिशात घालायच्या. मग मागच्या खोलीत लॅबचा जुना फोन होता, तिथे दार लोटून बसायच्या. पहिल्यांदा मला वाटलं, रिपोर्टचं काम असेल. पण रिपोर्टचे फोन मी करते, ते माझं काम. चार दिवस मी लक्ष ठेवलं. उतरवलेले नंबर सगळे बायकांचे. त्यातही सगळ्या गरोदर बायका.

पाचव्या दिवशी मी डबा तसाच ठेवून मागच्या दाराशी जाऊन उभी राहिले. बाईंचा आवाज आला. "हॅलो, गॅस एजन्सी का?" थोडं थांबून, "नाही का? बरं बरं." रिसीव्हर ठेवल्याचा आवाज. मग दुसरा नंबर. "हॅलो, गॅस एजन्सी का?"

गॅस एजन्सी म्हणजे सांकेतिक शब्द असणार. पलीकडे कोणीतरी ठरवलेलं माणूस असणार. मी घरी जाऊन प्रशांतला, माझ्या नवऱ्याला, सांगितलं. तो अंधेरीला एका कंपनीत सिक्युरिटी कॅमेरे बसवायच्या कामावर होता, त्यामुळे त्याला जग सगळं चोरांनीच भरलेलं दिसायचं. तो म्हणाला, "सिंपल आहे ना. समोरच्या लॅबला पेशंट पुरवतेय ती. तू आत्ता नाही सांगितलंस तर उद्या तुझ्यावर येईल. रजिस्टर कोणाच्या टेबलावर असतं?"

ते माझ्या डोक्यात बसलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर आल्यावर मी त्यांच्या केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं. सांगताना बाईंचं नाव घेताना माझा आवाज खाली गेला, पण सांगितलं. आणि बाहेर येऊन उगाचच बाईंना म्हटलं, "आज साडी छान दिसतेय हं तुमची." त्यांनी साडीकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

थोड्या वेळानं डॉक्टरांनी आम्हा दोघींना आत बोलावलं. "वानखडेबाई, खिशातला कागद द्या जरा."

बाईंनी काऊन विचारलं नाही. कागद काढून टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी तो वाचला, परत वाचला आणि माझ्यापुढे सरकवला. बाईंचं बारीक, उभट अक्षर. एकेक नाव, त्यापुढे नंबर, आणि त्यापुढे शेरा.

सुनीता, आवाज बरा. 

शबाना, मागे मूल रडत होतं. सोडा. 

कविता, सासूनं उचलला. पुन्हा करणे. 

प्रीती, उचलत नाही. उचलत नाही. उचलत नाही.

त्या सगळ्या आमच्याच बायका होत्या. ज्यांचा आकडा दुपटीला गेला नव्हता, ज्यांच्या लघवीत प्रथिनं निघाली होती, ज्यांची साखर जास्त होती, त्या. रिपोर्ट घेऊन गेल्या आणि परत आमच्याकडे आल्या नाहीत, त्या.

"हे काय आहे बाई?" डॉक्टरांनी विचारलं.

"जिवंत हायत का, ते पाहते."

"अहो, मग सरळ लॅबमधून बोलतेय म्हणून विचारा. गॅस एजन्सी कशाला?"

"लॅबचं नाव घेतलं की बाई घाबरते जी," वानखडेबाई म्हणाल्या. "तिला वाटते रिपोर्टात अजून काही निघालं. गॅसवाल्याला कोण घाबरते? ती हॅलो म्हणते. आवाज कळतो. बस."

डॉक्टरांनी पेन मिटून ठेवलं. "केव्हापासून चाललंय हे?"

"लई वर्षं झाली." त्या खाली बघून बोलत होत्या. "एक होती. आकडा वाढत नव्हता तिचा. मी रिपोर्ट पाकिटात घातला, नवरा घेऊन गेला. डॉक्टरला दाखवला की नाही, मले माहीत नाही. पुढं काय झालं तेही आजपर्यंत माहीत नाही. तवापासून."

डॉक्टर माणूस वाईट नव्हता. पण नियमाचा होता. "बाई, पेशंट नंबर देतात ते रिपोर्टसाठी. त्यांना न सांगता असे फोन करता येत नाहीत. काही वाटलं तर मला सांगा, मी त्यांच्या डॉक्टरांशी बोलेन. हे आजपासून बंद."

"बरोबर आहे जी." त्या उठल्या. दाराशी जाऊन थांबल्या. "ती प्रीती फक्त..."

"बंद म्हणजे बंद."

कागद डॉक्टरांच्या ड्रॉवरमध्ये गेला. मी माझ्या टेबलाशी येऊन बसले. समोर एक आजोबा रिपोर्ट मागत होते आणि मला त्यांचं नाव ऐकूच येत नव्हतं.

त्यानंतर बाई माझ्याशी बोलेनाशा झाल्या. भांडण नाही, टोमणा नाही. कामापुरतं बोलायच्या: "नळ्या संपल्या," "पुढचा पाठव." दुपारचं शिकवणं बंद झालं. मी काहीतरी भरपाई करावी म्हणून प्रीतीला आमच्याकडे तपासणीसाठी पाठवणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे रीतसर फोन केला. कळलं की प्रीतीचं बाळ नळीत रुजलं होतं, वेळेत ऑपरेशन झालं, आणि आता ती माहेरी सोलापूरला आहे. बरी आहे. मी धावत पडद्याआड जाऊन बाईंना सांगितलं.

"तू स्वतः बोललीस तिच्याशी?"

"नाही, त्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं."

"मग तुझ्यावर काऊन विश्वास ठेवू?" असं म्हणून त्या मशीनकडे वळल्या. ते ‘तुझ्यावर’ मला लागलं.

आठवा महिना अर्धा सरला. उकाडा होता, माझे पाय सुजायचे. एका सकाळी मी आत नळ्या द्यायला गेले तर बाई माझ्याकडे बघत राहिल्या. दोन महिन्यांनी पहिल्यांदा कामाशिवाय आपणहून बोलल्या. "तोंड सुजलं तुझं."

"या दिवसांत होतं ना बाई. पाय पण सुजलेत."

"पाय सुजू दे. तोंड काऊन सुजलं? अंगठी निघते का?"

अंगठी निघत नव्हती. त्यांनी एक प्लॅस्टिकची डबी माझ्यापुढे ठेवली. "लघवी दे. प्रथिनं पाहते."

खरं सांगते, मला वाटलं, ही बाई आता सूड घेतेय. मी डॉक्टरांकडे गेले म्हणून मला घाबरवतेय. दहाच दिवसांपूर्वी माझं चेकअप झालं होतं, ब्लडप्रेशर नॉर्मल होतं. मी म्हटलं, "माझी डॉक्टर बघतेय मला," आणि डबी तिथेच सोडून बाहेर आले.

घरी सासूबाईंना विचारलं. त्या देवगडच्या, चार बाळंतपणं केलेल्या. "अगो, माका चारय वेळेक असाच होयत होता," त्या म्हणाल्या. "त्या तुझ्या काऊनबायच्या नादाक लागू नको." दुसऱ्या दिवशी उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं. सासूबाईंनी ॲसिडिटीची गोळी दिली. डोकं दोन दिवस ठणकत होतं; ते उन्हाचं म्हणून मी सोडून दिलं. कामावर गेले.

साडेअकराच्या सुमाराला मी रिपोर्ट टाइप करत होते. स्क्रीनवर मधेच बारीक ठिणग्या उडाल्यासारखं दिसायचं. मी डोळे चोळले, रिपोर्ट छापला, आत पाठवला. दोन मिनिटांत बाई कागद घेऊन बाहेर आल्या.

"हे सावंत हाय. तू सामंत लिहिलं."

"चुकलं बाई. करते दुरुस्त."

त्या हलल्या नाहीत. "सहा वर्षं झाली तुला इथं. नावात चुकली नाहीस कधी. आज काऊन चुकली?"

"डोळ्यांसमोर जरा चमकतंय," मी म्हटलं.

त्यांनी हातातला कागद माझ्या टेबलावर ठेवला. "ऊठ."

या वेळी मी डबी घेतली. बाईंनी त्यात पट्टी बुडवली, आणि पट्टीवरचा प्रथिनांचा चौकोन गर्द हिरवा होत गेला तो थांबेचना. मग डॉक्टरांच्या केबिनमधलं पाऱ्याचं ब्लडप्रेशरचं मशीन आणलं. बॅटरीवाल्या मशीनवर त्यांचा अर्थातच विश्वास नव्हता. डावा दंड. उजवा दंड. वरचा आकडा एकशेसत्तर, खालचा एकशेदहा. मी तिसऱ्यांदा पट्टा बांधतील म्हणून हात पुढेच धरून ठेवला होता. ज्या बाई फ्रिजलासुद्धा तीनदा विचारायच्या, त्यांनी पट्टा गुंडाळला. "पुरे झालं," त्या म्हणाल्या. "रिक्षा."

खुर्च्यांवर चार पेशंट बसले होते. बाई त्यांना म्हणाल्या, "उद्या या," आणि लॅबला कुलूप लावलं. वीस वर्षांत दिवसाउजेडी ते कुलूप पहिल्यांदाच लागलं असणार.

रिक्षात त्यांनी माझं नाव नोंदवलेल्या हॉस्पिटलला फोन केला, माझ्या डॉक्टरीणबाईंना आकडे सांगितले, मग प्रशांतला फोन केला. त्यांचा आवाज एकदम शांत होता. मी मात्र घाबरून गेले होते. "बाई, काय झालंय मला?"

"प्रेशर चढलं हाय. गरोदरपणातलं. लघवीतून प्रथिनं जाऊन राहिली, डोळ्याला चमकते, बरगडीखाली दुखते, म्हणजे लिव्हरपर्यंत गेलं असंल. वेळेत हाय. फिटचा झटका यायच्या आधी पोचू."

"माझी चुकी झाली बाई." मी रडायला लागले. "डॉक्टरांना मीच सांगितलं होतं, तुमच्याबद्दल."

"माहीत हाय मले."

"कसं?"

"त्या दिवशी साडीची तारीफ केलीस. सहा वर्षं तीच साडी नेसते मी." त्यांनी माझ्या कपाळावर हात ठेवला. हात थंडगार होता. "आता बोलू नको. डोळे मीट, उजेड नको पाहू."

हॉस्पिटलमध्ये सगळं भराभर झालं. झटका येऊ नये म्हणून इंजेक्शन दिलं, त्यानं अंगभर आग झाली. प्रेशर उतरायचं औषध दिलं. मनगटावर नावाचा पट्टा बांधायला नर्स आली तेव्हा बाई मध्ये पडल्या. "तिला नाव विचारलं काय तुम्ही?"

"फाइलवर आहे ना मावशी. तुम्ही कोण पेशंटच्या?"

"मी लॅबची," बाई म्हणाल्या. "तिला विचारा."

नर्सनं विचारलं. मी सांगितलं. पूर्ण नाव, कोणी परत न विचारता, तीनदा.

प्रशांत अंधेरीहून पोचेपर्यंत दीड तास गेला. बाईंनी सगळे आकडे, वेळेसकट, पेनानं आपल्या तळहातावर लिहिले होते. ते त्याला वाचून दाखवले, माझी पर्स त्याच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "अकरा नळ्या तशाच पडल्या तिकडं. जाते." ज्या बाईवर त्यानं पेशंट फोडल्याचा आळ घेतला होता, तिच्या मागे तो जिन्यापर्यंत गेला आणि तसाच परत आला, असं त्यानंच मला नंतर सांगितलं.

संध्याकाळी सिझेरियन करून मुलगी झाली. वेळेच्या दीड महिना आधी, पावणेदोन किलोची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून एक दिवस गेला असता तर दोघींपैकी कोणाची खात्री देता आली नसती. मुलगी बारा दिवस काचेच्या पेटीत होती. सासूबाई रोज त्या काचेशी उभ्या राहायच्या. एकदा मला म्हणाल्या, "त्या बायक घराक बोलव गो. मी तिका माशाचा जेवण घालतंय." मी निरोप पाठवला. बाई आल्या नाहीत. हॉस्पिटलातही आल्या नाहीत. लॅबमध्ये फोन केला की विचारायच्या, "प्रेशर किती? कोणत्या मशीनवर?" आणि फोन ठेवायच्या.

मुलगी तीन महिन्यांची झाल्यावर मीच तिला घेऊन गेले. डॉक्टरांकडून पत्ता घेतला. घाटकोपर पूर्वेला पुनर्विकासातली इमारत, सातवा मजला. बाई तिथे एकट्याच राहायच्या. दाराला आतून साखळी होती. फटीतून एक डोळा दिसला, मग चष्मा. मग बराच वेळ साखळी निघेचना.

एक खोली, एक पलंग, भिंतीवर बुद्धाचं चित्र, खाली पाण्यात ठेवलेली दोन फुलं. बाईंनी मला पलंगावर बसवलं आणि स्वतः बाळापासून चार हात लांब, भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

"घ्या ना बाई."

"नको. मले नाही जमत."

"का नाही जमत? किती बायकांचं बघितलंत तुम्ही."

"बायकांचं पाहिलं," त्या म्हणाल्या. "पोर कुठं पाहिलं? लॅबमध्ये बाई येते ती सुईपुरती. आकडा घेऊन जाते. पुढं दवाखान्यात जाते, बाळंत होते, पेढे डॉक्टरला देते. लॅबवालीकडं कोण आणते पोर दाखवायला." हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. नळ्या संपल्या, हे सांगायच्या तसं सांगितलं. "फोनवर कधी रडणं ऐकू यायचं. बस, तेवढंच."

मी उठले. त्यांचा हात धरून त्यांना पलंगावर बसवलं, मांडीवर उशी ठेवली आणि मुलीला त्या उशीवर दिलं. बाईंनी दोन्ही हात आखडून घेतले होते. मग एक हात मानेखाली गेला, दुसरा पायांशी. मुलीनं त्यांच्या चष्म्याकडे टक लावून बघितलं, एक जांभई दिली आणि झोपली. बाई श्वाससुद्धा जपून घेत होत्या. मधूनच वाकून तिच्या नाकाशी कान नेत होत्या.

अर्धा तास गेला. प्रशांत खाली येऊन थांबला होता, त्याचा फोन वाजला. मी म्हटलं, "बाई, निघू का आता?"

"झोपली हाय ती," त्या हळूच म्हणाल्या. "उठू दे ना तिला. मग जा."

मी प्रशांतला वर यायला सांगितलं आणि चहा टाकायला ओट्याशी गेले. चहा पावडर कुठल्या डब्यात, साखर कुठल्या फळीवर, ते बाई पलंगावरून मान न वळवता, मूल जागं होणार नाही अशा बेतानं सांगत होत्या.